‘कसत आलो’ हे इंग्रजीत कसे लिहाल?

वनहक्काचा दावा आपल्या ग्रामसभेकडे मराठीतच द्यावा. त्याला इंग्रजी लागत नाही. पण पुढे कधी दिल्लीच्या कार्यालयाला इंग्रजीत पत्र लिहायची वेळ आली, की घरातल्या शिकलेल्या मुलाला बसवतात. तेथे एका क्रियापदापायी घोटाळा होतो.

समजा, धानोरा तालुक्यातल्या घरची मुलगी बाबांचे पत्र लिहीत आहे. बाबा सांगतात, “१९९५ पासून मी ही बांधी कसत आहे.” मुलगी शब्दाला शब्द ठेवते, ‘आय ॲम कल्टिव्हेटिंग सिन्स १९९५.’ मराठीत बरोबर, इंग्रजीत चूक. ‘आय ॲम कल्टिव्हेटिंग’ म्हणजे फक्त सध्याचे. ‘आय कल्टिव्हेटेड’ लिहावे, तर पूर्वी कसली, आता सोडली, असाही अर्थ निघतो.

अर्थ असा बदलून चालणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात असावी लागते, आणि कायदा लागू झाला त्या दिवशीही. म्हणजे सुरुवात आणि सातत्य, दोन्ही हवे.

ते दोन्ही एका वाक्यात येते, ‘आय हॅव बीन कल्टिव्हेटिंग धिस लँड सिन्स १९९५.’ शाळेत याला चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. ओळखायची खूण आपल्याच बोलीत आहे. ‘कसत आलो आहे’, ‘राहत आलो आहोत’ असे म्हणता आले, की इंग्रजीत ‘हॅव बीन’ आणि पुढे ‘इंग’चे क्रियापद घ्यावे. तो, ती, कुटुंब यांना ‘हॅज बीन’.

काम कधी सुरू झाले ते सांगताना ‘सिन्स’, किती काळ चालले ते सांगताना ‘फॉर’. आदिवासींखेरीज इतरांना तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. ते लिहितील, ‘अवर फॅमिली हॅज बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री जनरेशन्स.’

एक अपवाद ध्यानात ठेवा. असणे, माहीत असणे, मालकी असणे यांना ‘इंग’ लावत नाहीत. चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली १९८२ पासून जिल्हा आहे, हे ‘गडचिरोली हॅज बीन अ डिस्ट्रिक्ट सिन्स १९८२’ एवढेच.

आज दिवेलागणीला मुलांना जवळ बसवा. रोवणी, मोहफूल, तेंदूपत्ता, जे काम घरात वर्षानुवर्षे चालत आले आहे, त्याचे एकेक वाक्य लिहून घ्या. पत्राची वेळ येईल तेव्हा हात अडणार नाही.