न बदललेला 'सी'

मेंदूतली पेशी आणि यकृतातली पेशी, दोघींचा डीएनए सारखाच. मग एक संदेश धाडते आणि दुसरी पित्त बनवते, हे कसं? कोणती जनुकं वाचायची आणि कोणती गप्प ठेवायची, याच्या खुणा दोघींत वेगळ्या असतात. त्यातली एक खूण म्हणजे मिथिल गट: एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स! डीएनएच्या 'सी' या अक्षराला तो चिकटतो. जनुकाच्या तोंडाशी अशा पुष्कळ खुणा जमल्या की ते जनुक सहसा मुकं होतं. कर्करोगाच्या पेशींत राखणदार जनुकं पुष्कळदा अशीच, एकही अक्षर न बिघडता, बंद पडलेली असतात.

पण ही खूण पकडायची कशी? पीसीआरनं प्रती काढायला जावं, तर नव्या प्रतींत साधेच 'सी' बसतात आणि खुणा पार पुसल्या जातात.

1992 मध्ये सिडनीत मेरियन फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी उलटीच चाल खेळली. खूण दिसत नाही ना? मग खूण नसलेलं सगळंच बदलून टाकू! डीएनएचे दोन धागे सुटे करायचे आणि सोडियम बायसल्फाइटच्या आम्लधर्मी द्रावणात तासन्‌तास ठेवायचे. साध्या 'सी'चा 'यू' होतो आणि प्रती काढताना तो 'टी' म्हणून उमटतो. मिथिल चिकटलेला 'सी' मात्र 'सी'च राहतो. बांधणीच्या साडीत गाठ मारलेल्या जागी रंग चढत नाही, अगदी तसं. मूळ मजकुराशी ताडून पाहायचं: जिथे 'सी' टिकला, तिथे खूण होती. या प्रक्रियेत डीएनएचे तुकडे तुकडे होतात, तरीही उरलेल्यातून उत्तर मिळतं!

या उत्तराचं मोल ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात कळतं. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या डीएनएवर मिथिल गट चिकटवून घाव घालतं. एमजीएमटी हे प्रथिन तो गट उपटून स्वतःवर घेतं. एक रेणू, एकच दुरुस्ती, की तो कायमचा निकामी! आता एमजीएमटीचं जनुकच मिथिलच्या खुणांनी मुकं झालेलं असेल तर? घाव बुजवायला कुणीच उरत नाही. मिथिलनं दार उघडं टाकलं, आणि आत शिरला तोही मिथिलच!

2005 मध्ये मोनिका हेगी आणि सहकाऱ्यांनी 206 गाठी बायसल्फाइटच्याच वाटेनं तपासल्या. जनुक मुकं असलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य नुसत्या किरणोपचारानं 15.3 महिने होतं, औषधाची जोड मिळाल्यावर 21.7. जनुक जागं होतं, तिथे 11.8 आणि 12.7. वयस्क रुग्णाला किरणोपचार द्यावेत की फक्त हे औषध, हे ठरवताना डॉक्टर आज एमजीएमटीवरच्या खुणांचा अहवाल मागवतात.