खाजकुयलीचं बी आणि उंदराचा मेंदू

गोंदिया शहराला लागून असलेलं कुडवा आता जवळजवळ शहरच झालं आहे. पण या जिल्ह्यातल्या रानाच्या काठाने फिरणाऱ्याला खाजकुयलीची ओळख करून द्यावी लागत नाही. शेंगेवरची ती सोनेरी कुसं एकदा अंगाला लागली की माणूस जन्मभर वेल ओळखतो. खाज सगळी बाहेर. आतल्या काळपट, चकचकीत बियांत मात्र लेव्होडोपा असतो. कंपवातावरचं आजही सर्वांत भरवशाचं औषध तेच. 1937 साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो या बियांतून वेगळा काढला. त्याचं करायचं काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळायला आणखी एक भारतीय वनस्पती लागली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर सर्पगंधा वापरून पाहिली आणि तिचं नाव जगभर झालं. तिच्यातून निघालेलं रिसर्पिन स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना टोचलं. ससे कान पाडून जागच्या जागी बसले. मग डोपा (लेव्होडोपा हे त्याचंच रूप) टोचल्यावर पाव तासात ते उठून हिंडू लागले. हे 1957 चं. रिसर्पिनने मज्जापेशींमधला डोपामिनचा साठा रिकामा होतो. डोपामिन म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेला निरोप. तोच संपला तर हालचालीचा हुकूम पुढे जाणार कसा? रक्तातलं डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही, डोपा शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. या संशोधनासाठी कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. वकिलांचं नाव या गोष्टीत फारसं घेतलं जात नाही, हे मला खटकतं.

खाजकुयलीकडे पुन्हा वळले तेही मुंबईकरच. डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये कंपवाताच्या रुग्णांना या बियांचं चूर्ण देऊन पाहिलं. पुढे त्यातूनच ‘एचपी-200’ हे तयार चूर्ण आलं; 1995 साली 60 रुग्णांवरच्या बारा आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि लक्षणं उतरल्याचं दिसलं.

मला सर्वांत चक्रावून टाकतो तो 2004 चा उंदरांवरचा अभ्यास. बाला मन्यम आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या खाण्यात हे चूर्ण कालवून ते 52 आठवडे दिलं आणि मग मेंदूचे वेगवेगळे भाग तपासले. कंपवातात ज्या वाटेवरच्या पेशी मरतात, ती वाट कृष्णद्रव्यापासून रेखित पिंडाकडे जाते. डोपामिन वाढायचं तर तिथे, असं कुणीही म्हणेल. तिथे लक्षणीय फरक आढळला नाही. बदल दिसला तो मेंदूच्या बाह्यकात. संशोधकांनी दोन शक्यता मांडल्या: गुण देणारं द्रव्य लेव्होडोपाखेरीज दुसरंच असेल, किंवा बियांतलं काहीतरी लेव्होडोपाचा जोर वाढवत असेल. निरोगी मेंदू आपला डोपामिनचा हिशेब स्वतःच सांभाळतो, हेही एक कारण असावं, असं मला वाटतं.

दुसऱ्या शक्यतेला बळ देणारा एक छोटा प्रयोग त्याच वर्षी लंडनमध्ये झाला. 30 ग्रॅम चूर्णाचा गुण सरासरी 35 मिनिटांत दिसला, नेहमीच्या गोळीला 68 मिनिटं लागली. रुग्ण अवघे आठ, तेव्हा फार उड्या मारायला नकोत. शिवाय रानातल्या प्रत्येक वेलीच्या बीमध्ये लेव्होडोपा सारखा नसतो. गोळ्या चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर मात्रा नकळत वाढते आणि हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. म्हणून असं काही घेत असाल तर मेंदूविकारतज्ज्ञांना ते आधी सांगावं लागतं. ‘साधं झाडपाल्याचं आहे’ म्हणून लपवण्याजोगं हे औषध नाही.