दुःख, संशय आणि ख्रिस्ती आशा
(द्वितीय वर्ष, कला)

एखाद्याच्या घरी मृत्यू झाला की समाचाराला येणारी मंडळी दोन वाक्ये हमखास बोलतात. एक, 'देवाची इच्छा!' आणि दुसरे, 'देव आपल्या लाडक्यांनाच लवकर बोलावतो.' या बोलण्यामागे आपुलकी असते हे मी नाकारीत नाही. परंतु ज्याच्या घरचे माणूस गेलेले असते त्याच्या कानांना हे शब्द कसे लागतात, ते मला २०२१ च्या मे महिन्यात कळले.

माझा थोरला भाऊ चोवीस वर्षांचा होता. भाजीपाल्याच्या टेम्पोवर तो चालक होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत अवघ्या आठ दिवसांत तो गेला. आमचे गाव नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. गावात ख्रिस्ती घरे वीसेक. त्या आठ दिवसांत या वीसही घरांतून उपास झाले, रात्रभर साखळी प्रार्थना झाल्या. तरी तो गेला. शवपेटी उचलायला माणसे मिळेनात. वडील, चुलते आणि शेजारचे माळकरी काका असे तिघे झाले. चौथा खांदा पाळकसाहेबांनी दिला. मी शाळेत होते. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर उभी राहून मी ते पाहिले.

पुढे महिनाभराने एक नातलग म्हणाले, "प्रार्थना झाल्या खऱ्या, पण पुऱ्या विश्वासाने झाल्या नसतील." आजी तिथेच बसली होती. तिने पाळकसाहेबांकडे वळून विचारले, "साहेब, देवाला माझा नातू कशाला पाहिजे व्हता? त्याच्याकडं काय माणसांची वाण हाये?" पाळकसाहेब गप्प राहिले. आज मला वाटते, त्या महिन्यात आमच्या घरात कोणी केलेली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे त्यांचे ते गप्प राहणे.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. येथे आल्यावर कळले की आजीच्या या प्रश्नाला तत्त्वज्ञानात एक स्वतंत्र प्रकरणच आहे. देव सर्वशक्तिमान आहे, देव दयाळू आहे आणि तरीही जगात निरपराधांना दुःख आहे. ही तीन विधाने एकत्र कशी नांदणार? लायब्नित्झ या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७१० साली यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि शक्य असलेल्या जगांपैकी हे जगच सर्वोत्तम आहे असे प्रतिपादन केले. मग १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, चर्चेस माणसांनी भरलेली असताना लिस्बन शहर भूकंपाने कोसळले, आणि व्होल्टेअरने या 'सर्वोत्तम जगा'ची यथेच्छ टर उडवली. हे सारे परीक्षेच्या दृष्टीने उपयुक्त आहे. पण आजीला मी यातले काहीच सांगू शकले नाही, हेही खरे.

मला खरा आधार सापडला तो पंडिता रमाबाईंच्या चरित्रात. रमाबाई आपल्याला शारदा सदनामुळे ठाऊक असतात. स्त्रीशिक्षणावर निबंध लिहिताना त्यांचे नाव घेतलेच जाते. पण त्यांच्या आयुष्यातील मृत्यूंची यादी आपण सहसा वाचत नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नीला आणि मुलीला त्यांनी संस्कृत शिकवले आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर पायी फिरे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्याजवळचे सारे संपले. जे होते ते देवकार्यात, ब्राह्मणभोजनात आणि दानधर्मात आधीच गेले होते. व्रते, उपास, जप, सारे झाले. कित्येक दिवस झाडपाल्यावर काढले. वडील गेले, मागोमाग आई गेली, थोरली बहीण गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळेनात तेव्हा चौथी व्यक्ती म्हणून स्वतः रमाबाई उभ्या राहिल्या. उंची कमी, म्हणून त्यांनी तिरडीचे ते टोक डोक्यावर घेतले आणि स्मशानापर्यंत वाट तुडवली.

ग्रंथालयात हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. आमच्या दारातून निघालेली पेटी माझ्या डोळ्यांपुढे आली.

रमाबाईंची श्रद्धा या दुष्काळातच ढासळू लागली. आईवडिलांनी शास्त्रात सांगितलेले सगळे केले आणि देव धावला नाही, मग हे सारे कशासाठी, असा तो सरळ हिशेब होता. पुढे १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर सोबतच्या मैत्रिणीने तेथेच आत्महत्या केली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस रमाबाईंनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

आता येथेच माझ्या मनात एक अडचण उभी राहिली, आणि ती मी लपवून ठेवू इच्छीत नाही. दुष्काळात देव धावला नाही म्हणून जर एक श्रद्धा मोडली, तर नंतरच्या दुःखांनी दुसरी श्रद्धा का मोडली नाही? कारण नव्या धर्मात येऊन मृत्यू काही थांबले नाहीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. वयाची चाळिशी तिने नुकतीच गाठली होती, आणि आईच्या सर्व कामाचा भार पुढे तीच वाहणार होती. त्रेसष्ट वर्षांच्या त्या बाईकडे रक्ताचे असे कोणी उरले नाही. देव धावला नाही, हे तेव्हाही तितकेच खरे होते. मग हिशेब वेगळा का झाला?

'पहिला धर्म खोटा आणि दुसरा खरा' असे उत्तर देऊन मोकळे होता येईल. आमच्यातले काही तसे देतातही. मला ते पटत नाही. आमच्या घरी झालेले उपास आणि अनंतशास्त्र्यांच्या घरी झालेले उपास यांत त्या घटकेला काय फरक होता? आम्हीही मनातल्या मनात देवाशी करारच केला होता: आम्ही इतके उपास करतो, तू आमचे माणूस वाचव. 'विश्वास कमी पडला' असे म्हणणारे आमचे नातलग हे त्या कराराचे कलमच वाचून दाखवीत होते. असा सौदा मंदिरात होतो, देवळात होतो, दर्ग्यातही होत असेल. आणि सौद्यावर न उभारलेली भक्तीही सर्वत्र आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले, तरी त्यांनी विठ्ठल सोडला नाही. मात्र गप्पही बसले नाहीत, पांडुरंगाशी त्यांनी उभे भांडण मांडले. आमच्या उपासनेतील कितीतरी गीतांचे कर्ते रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे सांगत, ते उगाच नव्हे. पेटीला खांदा देणाऱ्या शेजारच्या माळकरी काकांनी त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून काहीच सांगितले नाही, फक्त बसून राहिले. त्यांनाही हे ठाऊक असावे.

तेव्हा रमाबाईंच्या बाबतीत बदलले ते काय? माझ्या समजुतीप्रमाणे दोन गोष्टी.

पहिली अशी की बाप्तिस्मा घेतल्याने त्यांचे प्रश्न संपले नाहीत, आणि त्यांनी ते संपल्याचे सोंगही केले नाही. इंग्लंडमध्ये सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममातेशी त्यांनी पत्रांतून जो वाद घातला तो वाचण्यासारखा आहे. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चर्चचा अधिकार, कशालाही त्या निमूटपणे मान डोलावीत नाहीत. स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहिले आहे की ख्रिस्ती धर्म आपण आधी स्वीकारला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त आपल्याला त्यानंतर आठेक वर्षांनी सापडला. म्हणजे आठ वर्षे ही बाई संशय जवळ बाळगून चालत होती. आमच्याकडे एखाद्याने तरुण संघाच्या सभेत एक प्रश्न विचारला तर वडीलधारी मंडळी त्याच्यासाठी लगेच प्रार्थना सुरू करतात!

वास्तविक आमच्या पवित्रशास्त्राला प्रश्नांचे वावडे नाही. ईयोबाची कथा पाहा. त्याची मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर गळवे आली. मित्र येऊन सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. तेवढेच त्यांनी बरे केले. मग त्यांनी तोंड उघडले आणि दुःखाची कारणमीमांसा सुरू केली: तू पाप केले असशील, देव शिक्षा उगाच देत नाही. ईयोब मात्र देवालाच जाब विचारीत राहिला. शेवटी देवाचा राग झाला तो कोणावर? जाब विचारणाऱ्यावर नव्हे, देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक-तृतीयांश विलापाची आहेत. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख येतो. ते इतरांहून अधिक पापी होते ही समजूत येशू तेथे स्वच्छ नाकारतो. आणि वधस्तंभावर खुद्द येशूच्या तोंडी येते ते बाविसाव्या स्तोत्रातील टाकून दिल्याचे गाऱ्हाणे. आमच्या श्रद्धेच्या मध्यभागीच हा प्रश्न आहे आणि त्याला त्या दुपारी उत्तर मिळालेले नाही. तीन दिवसांनी जे घडले असे आम्ही मानतो, तेही उत्तर नव्हे. देवाने का असे केले हे पुनरुत्थान सांगत नाही, मृत्यूच्या हाती शेवटचा शब्द नाही एवढेच सांगते. ख्रिस्ती माणूस ज्याला आशा म्हणतो ती एवढीच आहे. सगळे ठीक होईल, असे ती म्हणत नाही.

(बेथानीच्या मार्थेची गोष्ट मला अजून अवघड जाते. भाऊ गेल्यावर ती येशूला उशिरा आल्याबद्दल सरळ बोल लावते. येशू रडतो, आणि मग तिचा भाऊ लाजर परत येतो. माझा आला नाही. त्या अध्यायातील येशूच्या रडण्यापर्यंतच मी हल्ली वाचते.)

दुसरी गोष्ट अशी की रमाबाईंनी आपल्या दुःखाचे स्पष्टीकरण शोधण्यात आयुष्य घालवले नाही. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा आपली जुनी उपासमार आठवून त्या तेथे गेल्या आणि शेकडो भुकेल्या मुलींना घेऊन परतल्या. केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले ते या मुलींसाठी. (आमच्या नगरलगतचे केडगाव नव्हे, पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यातले.) १९०० साली गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. आपली आई अन्नावाचून का मेली, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. पण दुसऱ्या कोणाची मुलगी तशी मरू नये, एवढे मात्र त्या करू शकत होत्या. याच केडगावी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. काम सुमारे अठरा वर्षे चालले, आणि त्याचे खिळे तेथल्या मुलींनीच जुळवले. मनोरमा गेली तेव्हा हे काम अपुरे होते. तिच्या पश्चात नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर त्या मुद्रिते तपासत होत्या. मुलीच्या मृत्यूनंतरच्या त्या महिन्यांत विलापाची स्तोत्रे किंवा ईयोब पुन्हा त्यांच्या नजरेखालून गेला असेल काय, असा विचार माझ्या मनात येतो.

याचा अर्थ प्रत्येकाने तसेच केले पाहिजे असा नाही. माझे चुलते त्या दिवसापासून मंदिरात आलेले नाहीत. नाताळाला घरी जेवायला येतात, प्रार्थनेच्या वेळी बाहेर ओट्यावर बसतात. त्यांना कमी श्रद्धेचे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पुतण्याच्या पेटीला त्यांनी खांदा दिला आहे, मी कुंपणाबाहेर होते.

आजीने मात्र कित्येक महिने बायबल उघडले नाही. चष्मा त्याच्यावरच पडून असे. मग एका रात्री तिने मला हाक मारली आणि स्तोत्रसंहितेतले काहीही वाच म्हणाली. मी मुद्दाम अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काढले. बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपते. वाचून झाल्यावर आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्ये कुणी लिव्हलं? त्याचंबी कुणीतरी गेल्यालं दिसतंय." आणि पुन्हा वाचायला सांगितले.

आता ती रविवारी मंदिरात जाते. गीते म्हणत नाही, मागच्या बाकावर बसते. तिच्या प्रश्नाचे काय झाले, असे गेल्या ईस्टरला दफनभूमीत भावाच्या क्रुसाला चुना देताना मी तिला विचारले. "तसाच हाये की," ती म्हणाली, "वर गेल्यावर आदी त्येच इचारनार हाये. अन् तुझ्या भावाला शेजारी उभा करून इचारनार." मग कुंचला माझ्या हातातून घेऊन तिने क्रुसाची राहिलेली बाजू रंगवायला घेतली.