दहा माशांची मर्यादा

समुद्र अथांग आहे, तेव्हा त्यातील मासेही अगणित असले पाहिजेत, अशी आपली एक सहज समजूत असते. किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला तर ती वाडवडिलांकडूनच मिळते. परंतु ही समजूत किती महागात पडू शकते आणि ती सुधारण्यासाठी सामान्य माणसाला काय सोसावे लागते, याचे एक उद्बोधक उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाहावयास मिळते. तेथे हौसेने गळ टाकून मासे धरणाऱ्या माणसाने एका दिवसात किती रॉकफिश घरी न्यावेत, हे कायद्याने ठरलेले आहे. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या नियमामागे निसर्गाचा, गणिताचा आणि न्यायाचाही मोठा विचार दडलेला आहे. विद्यार्थिमित्रांना त्याची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम हा मासा कसा आहे ते पाहू. रॉकफिश म्हणजे खडकातला मासा. आपल्या गोमंतकातील गोबरो जसा खडकांच्या कपारीत दबा धरून राहतो, तशीच याचीही राहणी. नात्याने मात्र दोघे दूरचे. रॉकफिश ही एकच जात नव्हे. शास्त्रज्ञ ज्याला सेबास्टिस म्हणतात त्या कुळातील साठाहून अधिक जाती एकट्या कॅलिफोर्नियाच्या समुद्रात आढळतात. कोणी काळा, कोणी तांबूस, कोणी पिवळ्या डोळ्यांचा, तर कोणी पट्ट्यापट्ट्यांचा. यांची मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही; ती पोटातच वाढतात व इवलीशी जिवंत पिले बाहेर येतात. यलोआय या जातीच्या मोठ्या मादीच्या पोटी एका वेळी दहा लाखांहून अधिक पिले असू शकतात.

इतकी पिले होतात, मग टंचाई कशी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर या माशाच्या आयुष्यात आहे. माशाच्या कानात चुनखडीचा एक लहानसा खडा असतो. झाडाच्या बुंध्याप्रमाणे त्यावर वर्षागणिक वलये उमटतात आणि ती मोजून माशाचे वय कळते. त्यावरून असे दिसून आले की यलोआय शंभर वर्षांहूनही अधिक जगतो आणि रफआय नावाची जात तर दोनशे वर्षांचा पल्ला ओलांडते. जो सावकाश जगतो तो वाढतोही सावकाश. यलोआयची मादी प्रथम माता होते ती सुमारे वीस वर्षांची झाल्यावर. शिवाय पिलांपैकी बहुतेक समुद्रात नाहीशी होतात. वारा, प्रवाह व अन्न यांचा मेळ जमला तरच एखाद्या वर्षीची पिढी तग धरते. अशी चांगली वर्षे क्वचितच येतात. म्हणून निसर्गाने या माशाला दीर्घायुष्य दिले आहे. त्याने वर्षानुवर्षे प्रसवत राहावे आणि सुकाळाची वाट पाहावी. २००४ साली स्टीव्हन बर्कली व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या रॉकफिशवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. वयस्क मातांची पिले तरुण मातांच्या पिलांपेक्षा तिपटीहून अधिक वेगाने वाढतात व उपासमारीतही दुपटीहून अधिक काळ टिकतात, असे त्यांत आढळले. गळाला लागलेला सर्वांत मोठा मासा हा मासेमाराचा अभिमान. परंतु बहुधा तीच त्या खडकावरची सर्वांत उपयुक्त आजी असते.

हे ज्ञान हाती येण्यापूर्वीच पुष्कळ हानी झाली होती. १९६० नंतरच्या दशकात परदेशी ट्रॉलरांनी या किनाऱ्यालगत पॅसिफिक ओशन पर्च या जातीची बेसुमार मासेमारी केली. १९७६ साली अमेरिकेने कायदा करून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर आपला अधिकार स्थापिला. परंतु परकीयांची जागा स्वकीयांनी घेतली. हे मासे पुष्कळ वेगाने भरून येतात, असा तज्ज्ञांचाही आरंभीचा अंदाज होता. तो चुकीचा ठरला. १९९६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, घटलेल्या जाती पुन्हा पूर्वस्थितीस आणण्याचे बंधन आले. २००० साली तेथील वाणिज्यमंत्र्यांनी पश्चिम किनाऱ्याची तळाच्या माशांची मासेमारी आपद्ग्रस्त म्हणून घोषित केली. बोकाचियो, कॅनरी, काउकॉड, डार्कब्लॉच्ड, पॅसिफिक ओशन पर्च, विडो व यलोआय या रॉकफिशच्या सात जाती अतिमासेमारीने खालावल्या असल्याचे जाहीर झाले.

यानंतर हौशी मासेमारावर जे निर्बंध आले ते चार प्रकारचे होते. पहिला संख्येचा: कॅलिफोर्नियात दिवसाला पंधरा रॉकफिशची मुभा होती, ती दहावर आली. दुसरा साधनाचा: एक दोरी आणि तिला दोनच गळ. तिसरा काळाचा: वर्षातील काही महिने मासेमारी बंद. चौथा खोलीचा: अमुक वावांच्या पलीकडे गळ टाकू नये. एक वाव म्हणजे सहा फूट. यांखेरीज यलोआय, काउकॉड यांसारख्या जातींची मर्यादा अनेक वर्षे शून्यच होती. तो मासा चुकून लागला तरी ठेवता येत नसे. मासा कापून नेताना प्रत्येक तुकड्यावर एक इंच चौरस कातडी राखावी, असाही कॅलिफोर्नियाचा नियम आहे. कारण कातडी काढलेल्या मांसावरून जात ओळखू येत नाही.

आता मासेमाराच्या बाजूने विचार करू. तो म्हणेल, "मी एकटा माणूस, माझ्या दहा माशांनी समुद्र कसा रिता होणार?" परंतु एका भाड्याच्या बोटीवर वीस माणसे असली तर त्या बोटीचे दिवसाला दोनशे मासे झाले. अशा बोटी किती आणि असे दिवस किती, याचा गुणाकार विद्यार्थ्यांनी स्वतःच करून पाहावा. मर्यादा एका माणसासाठी आखलेली दिसते. वास्तविक ती या गुणाकारासाठी असते.

त्याची दुसरी तक्रार मात्र अधिक वजनदार आहे. तो म्हणेल, "खाली काळे रॉकफिश विपुल आहेत; मग मला का अडवता?" अडचण अशी की एकाच खडकावर विपुल आणि दुर्मीळ जाती शेजारी शेजारी नांदतात आणि गळ कोणाला लागावा हे गळ टाकणाऱ्याच्या हाती नसते. म्हणून साऱ्या मासेमारीची मर्यादा त्यांतील सर्वांत दुबळ्या जातीला पाहून ठरवावी लागते. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतके असते, तसाच हा प्रकार. २०२३ साली याचा कडक प्रत्यय आला. क्विलबॅक नावाची लहानशी जात संकटात आहे असे त्या वेळच्या पाहणीवरून मानले गेले. तेव्हा कॅलिफोर्नियाने ऑगस्टमध्ये ती ठेवण्यास मनाई केली व उत्तरेकडील भागात किनाऱ्याजवळची रॉकफिशची मासेमारीही आवरती घेतली. त्याच वर्षी तेथील समुद्रात साल्मन माशाची मासेमारीही पूर्ण बंद होती. मोठी बोट असलेला दूर खोल पाण्यात जाऊ शकतो. परंतु लहान होडीवाल्याने खवळलेल्या पॅसिफिकमध्ये कोठे जावे? बोट भाड्याने देणारा, आमिष विकणारा, बंदरातील खानावळवाला, या साऱ्यांच्या चुलीशी त्या नियमाचा संबंध येतो. निर्बंध योग्य असला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे मान्य करणे हाही न्यायाचाच भाग होय.

येथे कोणी सुचवील की नको असलेला मासा परत सोडून द्यावा. परंतु रॉकफिशच्या बाबतीत हे सोपे नाही. त्याच्या शरीरात हवेने भरलेला वाताशय असतो. खोल पाण्यातून त्याला भरभर वर ओढले की पाण्याचा दाब कमी होऊन आतील हवा फुगते. डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून डोकावते आणि सोडून दिलेला मासा बुडू न शकता फुग्यासारखा तरंगत राहतो. समुद्रपक्षी त्याचा फडशा पाडतात. यावर एक साधा उपाय निघाला. वजन बांधलेला चिमटा माशाच्या जबड्याला लावून त्याला पुन्हा खोल नेऊन सोडायचे. वाढत्या दाबाने हवा आकुंचन पावते व मासा पूर्ववत पोहू लागतो. त्वरेने असे सोडलेले मासे पुष्कळ अंशी जगतात, असे अभ्यासांतून दिसून आले. ओरेगॉन राज्याने २०१७ पासून व अलास्काने २०२० पासून अशा साधनाविषयी सक्तीचे नियम केले. मेलेल्या माशांचा हिशेब जितका कमी भरतो, तितकी मासेमारीला सवड अधिक मिळते. म्हणून हा चिमटा माशाचा जसा मित्र, तसाच मासेमाराचाही.

या साऱ्या संयमाचे फळ काय? विडो या जातीने प्रथम उभारी धरली. २०१५ साली कॅनरी सावरल्याचे मान्य झाले आणि २०१७ पासून कॅलिफोर्नियात तो पुन्हा घरी नेता येऊ लागला, आरंभी दिवसाला एकच. बोकाचियो, डार्कब्लॉच्ड व पॅसिफिक ओशन पर्च यांच्याविषयी २०१७ साली तशीच सुवार्ता आली. २०१९ साली काउकॉडही त्यांना मिळाला. सातांपैकी सहा सावरले. सर्वांत मंद गतीचा यलोआय तेवढा मागे राहिला होता. केवळ गळवाल्यांच्या त्यागानेच हे घडले असे नव्हे. ट्रॉलरांवरील कडक बंधने व काही अनुकूल वर्षे यांचाही त्यात वाटा आहे. परंतु तो त्याग नसता तर ती अनुकूल वर्षे वायाच गेली असती. कारण प्रसवण्यास माताच उरल्या नसत्या.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेथील मर्यादा आणखी एक पाऊल पुढे जाऊन प्रत्येक माणसाच्या टोपलीपर्यंत पोहोचते. कायदा पहारा ठेवू शकतो, परंतु प्रत्येक होडीवर शिपाई उभा करू शकत नाही. दहावा मासा धरल्यावर अकराव्यासाठी गळ न टाकणे हे अखेर ज्याच्या त्याच्या विवेकावरच अवलंबून असते. जो मासा आज एखादा प्रौढ माणूस पाण्यात ठेवतो, त्याची पिले त्याच्या हयातीत कदाचित मोठी होणारही नाहीत. ती वाट्याला येतील आज शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलांच्या. मर्यादा या रुक्ष शब्दाचा खरा अर्थ हाच: आपल्यानंतर येणाऱ्याची आठवण ठेवणे.