जंताचे औषध मापून द्या, जपून द्या

पावसाळ्यात रान हिरवे होते. शेळ्या पोटभर चरतात. तरीही एखादी शेळी वाळतच जाते. तिचे केस राठ होतात. जबड्याखाली पाण्याची सूज येते. अशा शेळीच्या डोळ्याची खालची पापणी उलटून पाहा. ती आतून लाल हवी. पांढरी फटक दिसली, तर शेळीचे रक्त कमी झाले आहे. लोक म्हणतात, नजर लागली. आम्ही म्हणतो, आधी पोटातल्या जंतांची शंका घ्या.

हे जंत सुतासारखे बारीक असतात. ते शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितात. त्यांची अंडी लेंडीतून रानात पडतात. ओलीत ती फुटतात आणि अळ्या गवताच्या पात्यावर चढतात. चरताना त्या पुन्हा शेळीच्या पोटात जातात. असे हे चक्र चालू राहते.

यावर औषध आहे. पण ते मापातच दिले पाहिजे. पुष्कळजण काय करतात? बोकडाला एक झाकण, अन् करडालाही एकच झाकण! करडाला ते जास्त होते. बोकडाला कमी पडते. कमी औषधाने चिवट जंत तेवढे जगतात. त्यांचीच पिलावळ वाढते. पुढे ते औषध लागूच पडत नाही.

म्हणून आधी वजन करा. शेळीला पोत्याच्या झोळीत घालून ताणकाट्याला लावा. समजा, डॉक्टरांनी 3 किलो वजनाला 1 मिलिलिटर असे माप सांगितले. शेळी 30 किलो भरली. 30 ला 3 ने भागा. 10 मिलिलिटर झाले. हे फक्त उदाहरण. तुमच्या औषधाचे माप डॉक्टरांनाच विचारा.

औषधाचा साका तळाशी बसतो. म्हणून बाटली आधी चांगली हलवा. सुई काढलेल्या पिचकारीत औषध घ्या. शेळीचे तोंड आभाळाकडे करू नका. मान सरळ ठेवा. जीभ ओढू नका. ओठाच्या कोपऱ्यातून हळूहळू औषध सोडा. ठसका लागला, तर लगेच डोके मोकळे सोडा. औषध श्वासनळीतून फुप्फुसात गेले, तर शेळी दगावते.

गाभण शेळीची जास्त काळजी घ्या. अल्बेंडाझोल नावाचे औषध सगळीकडे मिळते. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात ते देऊ नये. पोटातल्या पिलाला व्यंग येऊ शकते. कळपात बोकड असेल, तर शेळी गाभण असल्याची शंका आधी घ्या.

औषध दिल्यावर काही दिवस त्याचा अंश दुधात आणि मांसात राहतो. तेवढे दिवस ते दूध घरात घेऊ नका, विकूही नका. जनावरही कापायला देऊ नका.

बाटलीवरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. तेव्हा दवाखान्यातच विचारा आणि मराठीत आपल्या हाताने लिहा :

1. औषधाचे नाव काय?
2. किती किलोला किती औषध?
3. गाभणीला चालते का?
4. दूध आणि मांस किती दिवस वर्ज्य?
5. औषधाची मुदत कधी संपते?

तो कागद बाटलीला चिकटवा. औषध देताना दर वेळी वाचा. घरातल्यांनाही वाचून दाखवा. तुम्ही अक्षरे शिकलात, त्यांचा असा उपयोग झाला पाहिजे.