दोन कुलाबे आणि सूर्याचं वादळ

कुलाबा म्हटलं की ग्वाल्हेरात आंग्र्यांचा विषय निघणारच. पण आंग्र्यांचा कुलाबा किल्ला अलिबागचा. मुंबईचा कुलाबा वेगळा. आजची गोष्ट या दोन्ही ठिकाणांची आहे आणि तिचा संबंध थेट सूर्याशी आहे.

मुंबईच्या कुलाब्यात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा काढली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर काही काळ तिचे संचालक होते. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. टांगलेल्या चुंबकाची हालचाल दुर्बिणीतून पाहायची आणि आकडा वहीत लिहायचा. हे दर तासाला, आणि चुंबक फार हलायला लागलं तर दर काही मिनिटांनी.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. अचानक डागांच्या घोळक्यात पांढराशुभ्र उजेड चमकला. ती सौरज्वाला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ थडकलं. अमेरिकेत काही तारमास्तरांनी बॅटरी काढून ठेवली आणि तारेत आपोआप आलेल्या विजेवर संदेश पाठवले. युरोपात अनेक ठिकाणी फोटोच्या कागदावरून रेघच बाहेर गेली! कुलाब्यात मात्र कुणीतरी डोळा लावून आकडे लिहीत होतं. चुंबकत्वाचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला, तो तिथे नोंदला गेला.

या वहीचं मोल २००३ साली पुन्हा कळलं. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना आणि सहकाऱ्यांनी तिच्यावरून त्या वादळाचा जोर काढला. १९८९ साली कॅनडातल्या क्युबेकचा वीजपुरवठा ज्या वादळाने सुमारे नऊ तास बंद पाडला, त्याचा तासागणिक जागतिक निर्देशांक उणे ५८९ होता. दोन्ही आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत, कारण तासाची सरासरी घेतली की कुलाब्याची घसरण बरीच कमी भरते. अभ्यासकांचा वाद त्यावरच आहे. पण वाद घालायला आकडा आहे, तो त्या वहीमुळे.

आज अंदाज कसा बांधतात? ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत येतो, म्हणजे दिसली तेव्हा ती होऊनही गेलेली असते. मागून येणाऱ्या वायूच्या ढगाला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. खरी अडचण पुढे आहे. ढगासोबतचं चुंबकत्व दक्षिणेकडे वळलेलं असेल तर वादळ पेटतं, उत्तरेकडे असेल तर बरंचसं निभावतं. ही दिशा भरवशाने कळते ती ढग पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या यानांपाशी पोचल्यावर. आपलं आदित्य-एल१ तिथेच आहे. हातात उरतो तो जेमतेम तासभर, कधी त्याहून कमी. वीजकेंद्रं आणि उपग्रहवाल्यांनी तेवढ्यात काय ते सावरायचं.

आणि दुसरा कुलाबा? मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे कळल्यावर संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय उपकरणांसाठी अलिबागची जागा निवडली. ते तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठाणं! तिथली इमारत लोखंड टाळून, पोरबंदरी दगडात बांधली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकदमच मोजणी केली, म्हणून जुने आकडे नव्यांना जोडता येतात. ट्राम १९०७ साली धावली. अलिबागची मोजणी अजून चालू आहे.