पहिली चूक रुग्णावर नको!

शल्यचिकित्सा ही वरिष्ठांच्या शेजारी उभे राहून शिकण्याची विद्या. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांनी १८८९ नंतर निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिचा पायाही हाच होता. आधी पाहायचे, मग देखरेखीखाली स्वतः करायचे.

दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांनी या पद्धतीच्या मर्यादा उघड केल्या. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले आणि नव्वदच्या दशकात हे तंत्र जगभर रूढ झाले. रुग्णाचा त्रास कमी झाला. शिकणाऱ्याची कसोटी मात्र वाढली. सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही. लांब उपकरण पोटावरील छिद्रात तरफेसारखे फिरते. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते. स्पर्शाची जाणीवही बोथट होते.

हा सराव रुग्णाला धोका न पोहोचता व्हावा, यासाठी आभासी शस्त्रक्रियेची यंत्रे आली. येल विद्यापीठातील १६ निवासी डॉक्टरांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रावर तयार झालेल्यांनी प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत पित्ताशय यकृतापासून २९ टक्के अधिक वेगाने सोडवले. इतरांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाचपट आढळली.

अर्थात, यंत्र हात घडवते. दुर्बीण बाजूला ठेवून पोट केव्हा उघडावे, हा विवेक मात्र अनुभवी शल्यविशारदाच्या सहवासातच येतो. त्या शिक्षणाला पर्याय नाही. पण शिष्याचा चाचपडणारा हात आता थेट रुग्णापर्यंत पोहोचण्याचे कारण उरलेले नाही.